आतली चिठ्ठी परत पाठवा

ग्रेड म्हणजे दर्जा ठरवलेलं नाणं ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत येतं, त्या स्लॅबमधून ते बाहेर काढायला कडेला हातोडीचा एक घाव घातला की काम झालं, असं काहीजण सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. जाड टॉवेलात धरून पकडीने आधी कोपरे तोडा, मग जोड आपोआप उकलतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावर गालाला ओरखडा पडला, तर तो भरून निघत नाही हो!

स्लॅबच्या आत नाण्याची ग्रेड लिहिलेली चिठ्ठी असते, तिच्याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. कोणत्या ग्रेडची किती नाणी आली, याची मोजदाद पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेड देणाऱ्या दोन्ही कंपन्या प्रसिद्ध करतात. स्लॅब फोडून काढलेलं नाणं पुन्हा ग्रेडसाठी पाठवलं आणि जुनी चिठ्ठी घरीच राहिली, तर एकच नाणं दोनदा मोजलं जातं. दुर्मिळ नाण्यांचे आकडे असेच फुगतात. चिठ्ठी परत गेली की जुनी नोंद काढता येते.