मदत हवी आहे: एक्सएलएचसाठी फॉस्फेट घेणारी मुलं शाळेत कशी सांभाळता?

नमस्कार मंडळी, लेक सहा वर्षांची आहे. तिला एक्सएलएच, म्हणजे आनुवंशिक मुडदूस आहे. लघवीतून फॉस्फेट वाहून जातं, त्यामुळे ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या पुड्यांनी पायांचा बाक हलला नाही. (उन्हात बसवा, नाचणी द्या हे सल्ले प्रेमाचेच असतात, पण कृपया नकोत.)

सध्या कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) आणि केमिस्टकडून बनवून घेतलेलं जूलीज सोल्युशन (फॉस्फेटचं पातळ औषध) चालू आहे. फॉस्फेटची रक्तातली पातळी काही तासांतच उतरते, म्हणून डोस दिवसातून चार-पाचदा विभागून. दुधाबरोबर चालत नाही, कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून ठेवतं. डोस जरा वाढला की पोट बिघडतं. खरी पंचाईत दुपारची: शाळेत बाई औषध द्यायला तयार नाहीत आणि बाटलीचं झाकण उघडलं की पोरगी ओठ घट्ट मिटते. लिंबू सरबतात मिसळून कुणी देतं का? शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी पुरते?

दुसरं, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (मुडदुसात वाढणारं एन्झाइम) उतरतंय, पण या वेळी पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) वाढलंय. फॉस्फेट जास्त झालं की असं होतं म्हणे. मूत्रपिंडात कॅल्शियम साचत नाही ना, यासाठी सोनोग्राफीही होते. तुमच्याकडे ती किती महिन्यांनी सांगतात? डोस अर्थात डॉक्टरच ठरवतील, मला फक्त भेटीत काय विचारायचं ते हवंय.

आणि बुरोसुमॅब (एक्सएलएचवरचं इंजेक्शन): किंमत आवाक्याबाहेर आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली कुणी अर्ज केलाय का? कागदपत्रं कोणती लागली?