दारात लटकताना पडलेला माणूस ‘व्हिक्टिम’ की नाही?

दिवेकर_फास्टवाला: ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं पडली, जीव गेले. त्यांना व्हिक्टिम म्हटलं म्हणून आमच्या लोकलच्या डब्याच्या ग्रुपवर परवा जुंपली. ‘लटकणारा कसला व्हिक्टिम?’ माझं मत, ज्याचं नुकसान झालं तो व्हिक्टिम. चूक कोणाची ते नंतर बघू.

नौपाड्याचा_जुना: साफ चूक. व्हिक्टिम म्हटलं की समोर आरोपी लागतो. फौजदारी खटल्यांच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे: आरोपीच्या कृत्याने किंवा हयगयीने ज्याला झळ बसली तो, शिवाय त्याचे वारस. इथे आरोपी कोण? अपघातग्रस्त म्हणा, मिटलं.

दिवेकर_फास्टवाला: ती व्याख्या फौजदारी खटल्यापुरती हो. रेल्वे कायद्याचं कलम १२४अ बघा. गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते, रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मृत्यूला ८ लाख. आत्महत्या, मुद्दाम करून घेतलेली इजा, नशा वगैरे अपवाद. आणि नुसता निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम केलेली इजा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलंय.

नौपाड्याचा_जुना: त्या कलमात ‘पॅसेंजर’ आहे साहेब, ‘व्हिक्टिम’ नाही!

ऐरोलीची_मी: मधे बोलते. मूळ लॅटिन शब्द बळी द्यायच्या जनावराचा, म्हणजे आपला ‘बळी’च. (दिवाळीतला बळीराजा वेगळा, त्याला यात ओढू नका.) पण मराठीत बळी म्हणजे मेलेलाच. पाय गमावून घरी बसलेल्याला काय म्हणाल? ‘पीडित’ म्हणावं, तर पेपरवाल्यांनी ‘पीडिता’ एकाच प्रकारच्या गुन्ह्यासाठी राखून ठेवलाय, ऐकणारा दचकतो. म्हणून व्हिक्टिम चालतो, मेलेला-वाचलेला दोघांनाही. मला मात्र वाचलेल्याला तो चिकटवणं आवडत नाही. जखमी म्हणा ना सरळ.

नौपाड्याचा_जुना: ताईंशी सहमत. आणि दिवेकर, पायरीवरून प्रवास करणं हा रेल्वे कायद्याच्याच कलम १५६ प्रमाणे गुन्हाय. गुन्हा करणाराच व्हिक्टिम?

दिवेकर_फास्टवाला: पूर्ण वाचा. ‘मनाई करूनही’ अशी अट आहे त्यात. सकाळी साडेआठला दिवा स्टेशनवर डब्यात पाऊल ठेवायला मिळत नाही, तेव्हा मनाई करायला फलाटावर कोण उभं असतं, सांगा की!