रक्त ‘वाहू द्या’ की आणखी काही?

पळसफूल: गडचिरोलीतल्या आशाताईंसाठी हिवतापाच्या तपासणी किटची पत्रिका मराठीत करतेय. मी लिहिलं होतं, ‘रक्त पट्टीवर वाहू द्या’. सरावात एका ताईंनी बोट पिळपिळून रक्त काढलं. म्हणाल्या, “वाहू द्या असंच लिवलं आहे ना?” लागतं जेमतेम ५ मायक्रोलिटर. जास्त झालं की पट्टी लालच राहते, निकालाची रेघ वाचता येत नाही. चूक माझ्या शब्दाची. दुसरं क्रियापद सुचवा.

वैनगंगाकाठ: पाठ्यपुस्तकात ‘केशाकर्षण’ आहे. केसाएवढ्या बारीक वाटेतून द्रव आपोआप ओढला जातो, हे त्यात नेमकं येतं. अशा बारीक वाटांतल्या द्रवाच्या शास्त्रालाही (मायक्रोफ्लुइडिक्स) ‘सूक्ष्मद्रविकी’ म्हणावं. सोपं करण्याच्या नादात आपण घडवलेले शब्द टाकून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवावात: ते नाम झालं, ताईंना क्रियापद पाहिजे. आमची आजी म्हणायची, “वात तेल वढते.” मग ‘पट्टी रक्त ओढते’ लिहा. भिंतीला ओल चढते तेही हेच.

टीपकागद: ‘टिपणे’! टिपूस आणि टिपणे एकाच घरचे असावेत.

वैनगंगाकाठ: टिपलं की तिथंच थांबलं. इथं बफरचे, म्हणजे किटमधल्या द्रावणाचे, थेंब टाकतात ते रक्त रेघांपर्यंत पुढे जावं म्हणून. पट्टी नीट चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघ उमटली नाही तर तपासणीच बाद.

बांधीवाला: २००७ साली हार्वर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं साध्या कागदात पाणी न शिरणाऱ्या भिंती बसवून द्रवाला वाटा करून दिल्या. पुढे मेणाच्याही भिंती आल्या. हे वाचलं तेव्हा मला आमची धानाची बांधीच, म्हणजे बांध घातलेलं भातखाचरच दिसलं. त्या भिंतींना ‘धुरे’, म्हणजे शेताचे बांध, म्हणा.

पळसफूल: आणि मधल्या वाटेला? ‘नाली’ लिहिलं होतं, ते खोडलं.

दिवावात: बरं केलं. नाली म्हटलं की गावात सांडपाणीच आठवते. ‘पाट’ करा.

टीपकागद: धुरा कशाला, ‘पाळ’ म्हणा.

बांधीवाला: पाळ तलावाची असते. शेताला धुराच. आमच्याकडे धुऱ्यावर तूर लावतात, पाळीवर नाही.

टीपकागद: माझं आजोळ भंडाऱ्याचं. तिकडे बांधीलाही पाळ म्हटलेलं मी ऐकलं आहे.

पळसफूल: पत्रिका सोमवारी छापायला जाते. ‘ओढू द्या’ चालेल का, तेवढं सांगा.

बांधीवाला: भंडाऱ्यात कोणत्या गावी? साकोलीकडे तर मी धुराच ऐकला.