कानामागची पट्टी आणि गाडी लागणं

तोल सांभाळणारा अवयव कानात असतो, म्हणून गाडी लागू नये यासाठीची पट्टी कानामागे लावतात, असं कुणीतरी लिहिलंय. तर्क झकास आहे, पण खरं कारण कानात नसून कातडीत आहे. शरीरावरच्या बहुतेक जागांपेक्षा तिथली त्वचा औषध सहज आत जाऊ देते. पट्टीतलं स्कोपोलामिन हे औषध रक्तात उतरतं, मेंदूत पोचतं आणि तोलाचे गोंधळलेले संदेश ओकारीच्या केंद्रापर्यंत जाण्यात अडथळा आणतं. अमेरिकेत तिला १९७९ साली मान्यता मिळाली. त्वचेतून औषध देणारी ती तिथली पहिलीच पट्टी. तीन दिवसांत जेमतेम १ मिलिग्रॅम औषध झिरपतं आणि तेवढं पुरतं! मात्र घाट सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही, निदान चार तास आधी लावावी लागते.

त्वचेचा संबंध आणखीही आहे. चेहरा पांढराफटक पडणं आणि थंड घाम, ही लक्षणं संशोधक ग्रेबिएल आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये गाडी लागण्याच्या त्रासाची तीव्रता ठरवण्याच्या गुणपद्धतीतच धरली. प्रयोगात ‘आता कसं वाटतंय?’ एवढंच विचारण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

काहींना पट्टीखाली खाज सुटते, चट्टा उठतो. काचबिंदूचा धोका असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. आणि लावल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. स्कोपोलामिन धोतऱ्यातही असतं, पण कृपया घरगुती प्रयोग नकोत, धोतरा जीवघेणा आहे.