शिलाई मशीनवर दोरा सारखा तुटतोय? आधी सुईखालची प्लेट बघा

टेन्शन (दोऱ्याचा ताण) सैल करा, दोरा बदला, असं अशा वेळी बरेच जण सुचवतात. दोरा जुना असेल तर ते बरोबरच आहे. पण नवा दोरा आणि नवी सुई लावूनही तुटत असेल, तर दोष बहुतेक झिजलेल्या भागात असतो. आमच्या अमळनेरच्या दुकानात लग्नसराईत ब्लाउजचं काम चालू असताना सुई वाकून प्लेटवर आपटली. सुई बदलली, तरी दर दोन मिनिटांना दोरा तुटे. दोन दिवस टेन्शनशीच झगडलो. शेवटी प्लेट काढून सुई जाते त्या भोकाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवला, तर तंतू अडकला! बारीक ओरखडा होता, डोळ्यांना दिसतही नव्हता. अगदी बारीक पॉलिश पेपर सुतळीसारखा वळून भोकातून हलकेच फिरवला आणि काम सुरळीत झालं.

हुकाच्या (प्लेटखाली वरचा दोरा पकडून टाका घालणारा भाग) टोकालाही तसाच बोळा लावून बघा. तिथे मात्र जास्त घासू नका, टोक बोथट झालं की टाकेच सुटतात, मग हुक बदलावाच लागतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, धुळीत हुकाला तेलाचा एक थेंब रोज हवाच, तोही आधी लिंट (साचलेले बारीक तंतू) झाडून.