विंडो आणि शॉर्टकट: आपल्या हाताप्रमाणे बदलावेत की आले तसे वापरावेत?

कळफलक
मी भाषांतराचं काम करतो. डावीकडे इंग्रजी पीडीएफ, उजवीकडे मराठी मजकूर, मागे अर्धवट झाकलेला शब्दकोश, असा दिवसभराचा पसारा. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप (विंडो, पट्ट्या, मेनू सांभाळणारी प्रणाली) वापरतो आणि नव्या मशीनवर बसलो की आधी विंडोंचं वागणं बदलतो, मग कामाला लागतो.

माउस ज्या विंडोवर जाईल तिच्यात टाइप व्हावं, पण ती विंडो उसळून वर येऊ नये, ही पहिली सेटिंग. त्यामुळे झाकलेल्या शब्दकोशात शब्द टाकता येतो आणि समोरचा मजकूर हलत नाही. मेटा कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) धरून विंडोत कुठेही पकडून ओढलं की विंडो सरकते, टायटल पट्टी शोधायला नको. शिवाय नवी विंडो आपणहून पुढे घुसू नये म्हणून प्लाझ्मात अटकावाच्या पातळ्या आहेत, त्यातली वरची ठेवतो. एकदा पासवर्ड टाइप करताना मध्येच चॅटची विंडो पुढे आली आणि अर्धा पासवर्ड दहा जणांच्या गटात गेला. तेव्हापासून ही सेटिंग मी विसरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅप्स लॉक. देवनागरीत मोठी अक्षरं-लहान अक्षरं हा प्रकारच नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ‘दुसऱ्या’मधला ऱ म्हणजे शिफ्ट-जे. शिफ्ट सतत लागते, कॅप्स लॉक कधीच नाही. मग बोटाशेजारची एवढी मोठी कळ मी मराठी-इंग्रजी अदलाबदलीला दिली. पूर्वी ते काम ऑल्ट-शिफ्टवर होतं. एक्स-११ वर (लिनक्समध्ये पडदा आणि कळा सांभाळणारी जुनी यंत्रणा) त्या दोन कळा दाबताक्षणी भाषा बदलते, त्यामुळे ऑल्ट-शिफ्ट-टॅबने मागच्या विंडोकडे जायला निघालं की आधी भाषाच बदलून बसायची.

आठ तास जो बसतो त्याच्या हाताप्रमाणे मशीन वागलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

ओसरी
पटत नाही. मी एका कार्यालयात संगणकांची देखभाल बघतो. रोज फोन येतात: ‘स्क्रीन गेली’, ‘फाइल सापडत नाही’. मी सांगतो, ‘विंडोज कळ धरा आणि ई दाबा.’ पलीकडच्या बाईंना फोल्डर दिसतं आणि काम पुढे जातं. सगळीकडे तीच कळ तेच करते म्हणूनच हे शक्य आहे. एकाने कळा फिरवून ठेवल्या की मला जागेवर जावं लागतं, आणि तोवर काउंटरपुढची रांग थांबते.

कॉपी-पेस्टचंच बघा. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ते घडवलं, पुढे अ‍ॅपलच्या यंत्रांवर एका ओळीतल्या झेड-एक्स-सी-व्ही या कळा रूढ झाल्या. आयबीएमने १९८७ साली शिफ्ट-इन्सर्टची वेगळी पद्धत आणली, ती आजही चालते, पण हात जातो तो कंट्रोल-व्हीकडेच. ही चालीरीत सगळ्यांची आहे. टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं परक्या मशीनवर बसतात. तिथे तुमचा कॅप्स लॉक कोण देणार?

रानवाट
प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. ज्याची सेटिंग त्याच्यापाशी राहील.

ओसरी
@रानवाट, कागदावर सोपं आहे. काउंटरवर दोन पाळ्यांत चार जण एकाच खुर्चीवर बसतात आणि घाईत आधीच्याच लॉगिनमध्ये काम सुरू करतात.

सांजवेळ
दोघंही आवडीनिवडीबद्दल बोलताय, म्हणून माझा अनुभव लिहिते. उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे एका डाव्या हाताने काम केलं. कंट्रोल-शिफ्ट-टी एका हाताने, बोटं ताणत, शंभरदा दाबून बघा. ऑल्ट-एफ४ तर डाव्या हातालाही जड जायचं.

विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबली की स्टिकी कीज चालू करायचं का, असं विचारतात. ही सोय विंडोज ९५ पासून आहे आणि आपण ती चौकट वैतागून बंद करतो. चालू केली की कंट्रोल दाबून सोडायचं, मग दुसरी कळ. एकेक करून. त्या दिवसांत माझी नोकरी त्यावर टिकली. घरच्या लिनक्सवर फायरफॉक्समध्ये टॅब बंद करायला कंट्रोल-डब्ल्यू आणि अख्खा ब्राउझर बंद करायला शेजारचीच कंट्रोल-क्यू. सुजलेलं बोट घसरलं की लिहिलेला फॉर्म गेला. बंद करण्याआधी विचारण्याची सेटिंग शोधून लावली तेव्हा जिवात जीव आला.

ओसरी, तुमच्या कार्यालयात उद्या कुणाचा हात मोडला तर ‘सगळ्यांसारखंच वापरा’ असं तुम्ही त्यांना सांगणार का?

साधासुधा
बाजू ओसरींचीच घेतो, पण कारण वेगळं. प्रत्येक सेटिंग कुणाला तरी तपासावी लागते. चालू-बंदच्या दहा खुणा म्हणजे १०२४ वेगवेगळे डेस्कटॉप. २००२ साली ग्नोम २ ने (ग्नोम हा लिनक्सवरचा दुसरा डेस्कटॉप) पर्याय छाटले ते याच विचाराने. २००५ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर टीका करून लोकांना केडीई वापरायला सांगितलं, तरी ग्नोमची मंडळी हटली नाहीत. २०११ च्या ग्नोम ३ मध्ये मिनिमाइझचं बटणही गेलं. मला सुरुवातीला त्रास झाला, पण आठवडाभरात हात वळले. आता मी एकही सेटिंग बदलत नाही आणि नव्या मशीनवर पाच मिनिटांत कामाला लागतो. हा फायदा मला मोठा वाटतो.

कळफलक
@साधासुधा, तुमचा हात आठवड्यात वळला, सांजवेळ यांचा वळला नसता. आणि मिनिमाइझचं बटण परत आणायला लोक ग्नोम ट्वीक्स हे सेटिंग बदलायचं वेगळं साधन उघडतातच. विंडोज ११ सुद्धा बघा: पूर्वी टास्कबार डावीकडे, वर, कुठेही नेता यायचा. २०२१ साली ती आली तेव्हा तो खालीच जखडला. रुंद पडद्यावर उंची आधीच कमी पडते, तिथे माझ्या मजकुराची एक ओळ त्या पट्टीने खाल्ली.

@ओसरी, फोनवरच्या मदतीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. कंट्रोल-सी, व्ही, झेड मी आजवर बदललेले नाहीत, बदलणारही नाही. ती सगळ्यांची बोली आहे. विंडो कुठे उभी राहावी आणि भाषा कोणत्या कळीने बदलावी, हे मात्र माझं मी ठरवणार.

ओसरी
काउंटरवरची मशीन आहेत तशीच राहतील, त्यात बदल नाही. सांजवेळ यांच्या प्रश्नाचं उत्तर: नाही सांगणार. सोमवारी स्टिकी कीजची कळ प्रत्येकाला दाखवतो, ती चौकट मीच सगळीकडे बंद करून ठेवली होती.

कॅप्स लॉकचं माझ्या घरच्या प्लाझ्मावर करून बघायचं आहे. सेटिंग कुठे आहे?

कळफलक
सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात पुढच्या पर्यायांत ‘दुसऱ्या मांडणीकडे जाणे’, तिथे कॅप्स लॉकवर खूण करा. जुनी ऑल्ट-शिफ्टची खूण काढायला विसरू नका, नाहीतर दोन्ही चालत राहतात. घरात कुणी मॅक वापरत असेल तर तिथे कॅप्स लॉकने भाषा बदलायची सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.