डिजिटल प्रिंटला प्रीप्रेस (छापण्याआधीची फाइलची तयारी नि तपासणी) लागतं की नाही?

खिळेजुळारी:
कालच्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय की "डिजिटलला प्रीप्रेस म्हणजे गिऱ्हाइकाला लुटायचा धंदा, पीडीएफ टाका नि प्रिंट मारा, बाकी रिप (फाइलचे छपाईचे ठिपके करणारं सॉफ्टवेअर) बघतो." काय बघतो रिप? पुस्तकाचा आतला मजकूर सगळा काळा, पण फाइल आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) आणि काळा ०-०-० म्हणजे चोख नाही, ३५-३१-३२. रिपमधलं प्युअर ब्लॅक सेटिंग चोख काळाच ओळखतं, याला ते रंगीत समजतं. मग पानापानाला चारही रंगांचे टोनर, मीटरवर कलर क्लिक (रंगीत पानाची मोजणी), वर बारीक अक्षरांना रंगीत झालर. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूत काळी प्लेट (काळ्या रंगाचा थर) बंद करून बघायचं, मजकूर तरीही दिसला की समजायचं घोळ आहे. एवढं करायला काय जातं? माझ्या मते प्रत्येक जॉबला प्रीफ्लाइट (फाइलची अशी तपासणी) सक्तीचं हवं आणि त्याचे पैसे वेगळे.

क्लिकमीटर:
ते महाशय मीच, आणि लुटायचा धंदा हा शब्द मागे घेत नाही. माझ्याकडे येतं काय, तर शंभर व्हिजिटिंग कार्डं नाहीतर पन्नास पत्रिका. त्याला वेगळे पैसे लावले तर पार्टी समोरच्या दुकानात. आणि प्रीप्रेसवाल्यांनी काय दिवे लावलेत तेही बघितलंय, एक जण प्रत्येक फाइल एक्स-१ए या पीडीएफ प्रकारात करून पाठवायचा, सगळे फोटो ऑफसेटच्या प्रोफाइलात (त्या मशीनच्या रंगांच्या नकाशात) कोंबून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत. मशीन जो रंग काढू शकलं असतं तो यानं आधीच मारलेला! एक्स-४ हा प्रकार ठेवा ना, आरजीबी तसाच राहतो, ट्रान्सपरन्सी (पारदर्शक थर) फ्लॅट होत नाही, शेवटचं कन्व्हर्जन माझ्या मशीनच्या प्रोफाइलनं होतं.

उलटीवेलांटी:
रंगाचं राहू द्या हो, फाँटचं कोण बोलणार? माझ्या मावसभावाची पत्रिका, मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला, ऑपरेटरनं कन्व्हर्टरमधून युनिकोड केला. नवरीचं नाव कीर्ती, छापून आलं 'कीतर्ी'. दोनशे पत्रिका रद्दीत. मावशी अजून त्या प्रेसच्या गल्लीतून जात नाही.

खिळेजुळारी:
म्हणूनच तर म्हणतो, कर्व्ह करून घ्या, अक्षरांचे नुसते आकार करून टाका.

बटरपेपर:
कर्व्ह?? ८ पॉइंटची देवनागरी कर्व्ह करून टोनरवर मारून बघा, अक्षर फुगतं, कारण रिपला तो मजकूर वाटतच नाही, ग्राफिक वाटतं. आणि रात्री अकराला फोन येतो "आत्याबाईंचं नाव राहिलं", मग काय कर्व्हमध्ये टाइप करू? शिवाय 'कीतर्ी' कर्व्ह केली तरी 'कीतर्ी'च.

उलटीवेलांटी:
मग सुरुवातीपासून युनिकोडमध्येच का टाइप करत नाही तुम्ही लोक? किती वर्षं झाली युनिकोड येऊन!

बटरपेपर:
तुम्ही लोक म्हणजे कोण? जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोड टाकलं की जोडाक्षरं फुटतात, नवं घ्यायला पैसे तुमच्या मावशी देणार का? आमच्याकडे वीसेक वर्षांच्या फाइली त्याच फाँटात आहेत. घरी बसून सल्ले द्यायला सोपं असतं.

उलटीवेलांटी:
मावशीला मधे आणायचं काम नाही. दोनशे पत्रिकांचे पैसे त्या प्रेसनं दिले नाहीत, प्रूफवर सही होती म्हणे. सही केली होती ती रंग बघून!

क्लिकमीटर:
सही करताना नाव वाचायचं असतं, मॅडम. यात प्रीप्रेसचा संबंध काय?

खिळेजुळारी:
हाच की, कन्व्हर्जननंतर माणसानं वाचणं हेही प्रीप्रेसच आहे. तुमच्याकडे कोण वाचतं?

क्लिकमीटर:
पार्टी वाचते. बरं बाबा, एवढे मागे लागलाच आहात तर पुस्तकांचा काळा तपासत जाईन, त्यात माझेच क्लिकचे पैसे वाचतात. पत्रिकांना नाही. आणि एक्स-१ए माझ्या दुकानात चालणार नाही, देव जरी घेऊन आला तरी.

खिळेजुळारी:
केवढे उपकार! एक्स-४ वर तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मग मशीनचं कॅलिब्रेशन (रंग जुळवून घेणं) शेवटचं कधी केलंत तेही लिहा इथे.

बटरपेपर:
आता बसा वाट बघत.